क्रूझची बॅग : कपडे झाले, आता रात्रीचा दिवा, काठीचे बूच आणि मनगटी घड्याळ

प्रश्न : येत्या जानेवारीत मी, माझे यजमान आणि सासूबाई असे तिघे एका पर्यटन कंपनीच्या ग्रूपबरोबर सिंगापूरला जाणार आहोत. तेथून चार रात्रींची क्रूझ आहे. मलेशियातले पेनांग आणि थायलंडमधले फुकेत ही दोन बंदरे करून जहाज पुन्हा सिंगापूरला येईल. यजमान सहासष्ट वर्षांचे असून त्यांना रोज इन्सुलिन घ्यावे लागते. सासूबाईंनी ऐंशी ओलांडली आहे, त्या काठी घेऊन चालतात, पण उत्साह दांडगा आहे. आमच्यापैकी कोणीच जहाजाने प्रवास केलेला नाही. कंपनीच्या यादीत कपडे, पासपोर्ट, गॉगल आणि टोपी एवढेच आहे. जहाजावर चढल्यावर ‘अरे, हे राहिलेच’ असे ज्या वस्तूंबद्दल होते, त्या आधीच सांगाल का? शिवाय घरचा फराळ आणि सासूबाईंच्या रोजच्या पूजेचे साहित्य नेता येईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तिघांच्या प्रकृतीची आणि बंदरांची माहिती आपण दिलीत, त्यामुळे सरधोपट यादी न देता आपल्या तिघांपुरते नेमके लिहिता येत आहे. कंपनीच्या यादीतले सामान सहसा कोणी विसरत नाही. विसरल्या जातात त्या घरात सतत हाताशी असल्यामुळे वेगळ्या लक्षातच न येणाऱ्या वस्तू, म्हणजे रात्रीचा मंद दिवा, बाथरूममधला मग, ओले कपडे अडकवायची खुंटी, नजर टाकली की वेळ सांगणारे घड्याळ. हॉटेलात यातले काही राहिले तर खाली उतरून कोपऱ्यावरच्या दुकानातून आणता येते. जहाजावरच्या दुकानांत अत्तरे, दागिने आणि पर्सेस भरपूर असतात, पण किरकोळ गरजेच्या वस्तू मोजक्या आणि महाग असतात, आणि आपल्या डॉक्टरांनी लिहून दिलेली नेमकी गोळी तर तेथे मिळेल असे गृहीतच धरू नये. म्हणून पुढचे सगळे मी, कोणत्या वेळी काय लागते, त्या क्रमाने लिहिते आहे.

सुरुवात चढण्याच्या दिवसापासून करू. सिंगापूरच्या क्रूझ टर्मिनलवर पोहोचताच मोठ्या बॅगा कर्मचारी ताब्यात घेतात. त्या तपासणीतून जहाजावर जातात आणि मग एकेका केबिनच्या दाराशी आणून ठेवल्या जातात. हजारो प्रवाशांचे सामान असल्याने आपली बॅग दुपारी येईल की रात्रीच्या जेवणानंतर, हे कोणीच सांगू शकत नाही. केबिनही दुपारपर्यंत तयार झालेली नसते. तोपर्यंतचे सहा-सात तास केवळ हातातल्या पिशवीवर काढायचे असतात, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांची सगळ्यात मोठी गैरसोय होते ती येथेच. पासपोर्ट, व्हिसाची प्रत आणि क्रूझचे तिकीट तर हाताशी हवेच, कारण काउंटरवर ते लागते. पण त्याबरोबर तिघांची सर्व औषधे, इन्सुलिन, चष्मे, चार्जर, सासूबाईंची शाल आणि प्रत्येकाचा एकेक कपड्यांचा जोड एवढे पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवावे. पोहण्याची हौस असेल तर पोहण्याचा पोशाखही वरच ठेवावा, कारण पहिल्या दुपारी तलाव बराच मोकळा असतो. साडीवर किंवा सुती कपड्यांवर तलावात उतरू देत नाहीत; त्यासाठी नायलॉनचा पूर्ण अंगाचा पोशाख आपल्याकडे सहज मिळतो, तो आधीच घेऊन ठेवावा.

बॅगांना लावायची केबिन क्रमांकाची कागदी पट्टी कंपनी बहुधा ई-मेलने पाठवते आणि ती घरीच छापायची असते. नुसता कागद ओढाताणीत फाटतो, म्हणून तो पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात घालून स्टेपल करावा आणि लहान स्टेपलर व चिकटपट्टी बरोबर असू द्यावी. बॅगेच्या आतही नाव, फोन क्रमांक आणि केबिन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी टाकावी.

आता मला ज्याची सर्वात जास्त काळजी वाटते, त्या गोष्टीकडे येते. आपली केबिन खिडकी नसलेली असेल, आणि ग्रूप टूरमध्ये ती बहुधा तशीच असते, तर रात्री दिवा मालवल्यावर डोळ्यांत बोट घातले तरी दिसणार नाही असा काळोख होतो. शिवाय जहाजावर बाथरूमच्या दारात पुष्कळदा चांगलाच जाणवेल एवढा उंच उंबरठा असतो. जहाज डोलताना आतले पाणी बाहेर येऊ नये म्हणून तो ठेवलेला असतो. घरी आपल्या सासूबाईंच्या पायाला वाटेतली प्रत्येक पायरी ठाऊक आहे. येथे त्या मध्यरात्री झोपेतून उठतील, जमीन हलकीशी डोलत असेल, आणि दिवा कोठे आहे हे आठवेपर्यंत पाऊल पुढे पडलेले असेल. त्यासाठी हालचाल ओळखून आपोआप लागणारे, सेलवर चालणारे दोन लहान दिवे न्यावेत. एक पलंगाच्या पायथ्याशी आणि दुसरा बाथरूमच्या दाराजवळ, उंबरठ्यावर उजेड पडेल असा लावावा. ऑनलाइन दुकानांत असे चुंबक असलेले दिवे सहज मिळतात आणि त्यांना प्लग लागत नाही. पहिल्या संध्याकाळीच सासूबाईंना पलंगापासून बाथरूमपर्यंत काठी घेऊन दोन-तीनदा चालवून आणावे, म्हणजे उंबरठ्याची उंची पायाला कळते. अजून बदल शक्य असेल तर उंबरठा नसलेली, ज्येष्ठ व अपंग प्रवाशांसाठीची केबिन मिळेल का, हे कंपनीला आजच विचारावे. अशा केबिन थोड्या असतात आणि लवकर संपतात.

काठीचा विषय निघालाच आहे तर तिच्या टोकाचे रबरी बूच उलटे करून पाहावे. वर्षभर वापरलेले बूच एका बाजूने झिजून गुळगुळीत झालेले असते आणि त्याच्यावरच्या खाचा नाहीशा झालेल्या असतात. घरच्या कोरड्या फरशीवर ते खपून जाते, पण तलावाभोवतीच्या ओल्या डेकवर तेच घसरते. औषधांच्या किंवा सर्जिकल वस्तूंच्या दुकानात काठी नेऊन त्या मापाचे नवे बूच बसवून घ्यावे आणि आणखी एक जास्तीचे बॅगेत टाकावे. तिघांच्याही पायांत मागे पट्टा असलेल्या, तळ न घसरणाऱ्या सँडल असाव्यात. रबरी स्लिपर केबिनपुरत्याच ठीक.

बाथरूममधली दुसरी अडचण मग नसण्याची आहे. परदेशी जहाजांवर बहुधा जेट स्प्रे नसतो, फक्त कागद असतो. एक लहान प्लास्टिकचा मग किंवा लांब तोंडाची दाबायची बाटली नेली की चार दिवसांची कुचंबणा टळते. मात्र जहाजावरचे शौचकूप हवेच्या दाबाने ओढून घेणारे असते, त्यात ओले टिश्यू, कापूस किंवा डायपर टाकला तर आपल्याच नव्हे तर शेजारच्या केबिनचीही लाइन तुंबू शकते. ज्येष्ठांसाठी पॅड वापरत असाल तर ते गुंडाळून टाकण्यासाठी काळ्या लहान पिशव्यांचा रोल आठवणीने घ्यावा.

विजेबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण येथे कौतुकाने नेलेली वस्तूच जप्त होते. केबिनमध्ये प्लग मोजके असतात आणि ते बहुतेक अमेरिकी चपट्या दोन पिनांचे किंवा युरोपीय गोल दोन पिनांचे असतात. आपल्या मोबाइल चार्जरच्या बारीक दोन गोल पिना युरोपीय प्लगमध्ये चालतात, तीन पिनांचे मात्र काहीच चालत नाही. सिंगापूरच्या हॉटेलात तर तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश प्लग असतो. त्यामुळे एक युनिव्हर्सल अॅडॅप्टर आणि एकाच वेळी तीन-चार फोन चार्ज होतील असा यूएसबी चार्जर, एवढे पुरते. घरचा एक्स्टेन्शन बोर्ड मात्र नेऊ नये. अनेक कंपन्यांनी त्याला मनाईच केली आहे, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. घरात विजेची न्यूट्रल तार जमिनीशी जोडलेली असते. जहाजावर पुष्कळदा दोन्ही तारा पोलादी सांगाड्यापासून अलग ठेवतात, म्हणजे एखाद्या ठिकाणी दोष निर्माण झाला तरी वीजपुरवठा लगेच बंद पडत नाही. ज्या बोर्डात विजेचा झटका शोषणारे सर्ज प्रोटेक्टर बसवलेले असते, ते घरच्या व्यवस्थेसाठी बनवलेले असते. जहाजाच्या व्यवस्थेत ते तापून पेट घेऊ शकते. समुद्रात आगीइतके भय दुसऱ्या कशाचेच नाही, म्हणून इस्त्री, चहाची इलेक्ट्रिक किटली, पाणी तापवायचा रॉड, लहान राइस कुकर या वस्तू चढतानाच्या तपासणीत काढून घेतल्या जातात आणि उतरताना परत मिळतात. चहासाठी गरम पाणी जेवणघरात मिळते. चहाची आपली आवडती पूड टी-बॅगच्या रूपात नेली तर यजमानांना बिनसाखरेचा घरचा चहा करून देता येईल.

पॉवर बँक विमानात नेहमी हातातल्या सामानातच ठेवावी, मोठ्या बॅगेत टाकू नये.

केबिन लहान असते, आणि खुंट्या तर नसतातच. पण तिच्या भिंती व दार बहुतेक जहाजांवर पोलादाचे असतात, ही गोष्ट नवख्यांना ठाऊक नसते. त्यामुळे लोहचुंबकाचे पाच-सहा मजबूत हूक नेले तर टोपी, पिशवी, सासूबाईंची शाल, ओला पंचा असे सगळे भिंतीला लागते आणि जमिनीवर वाट मोकळी राहते. लांबच लांब बोळात सगळी दारे एकसारखी दिसतात; फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट काढून केबिनच्या दाराला बाहेरून लावला, तर सासूबाईंना आपली खोली दुरून ओळखता येईल. नायलॉनची बारीक दोरी आणि कपड्यांचे चिमटे घ्यावेत, पण कपडे बाथरूममध्येच वाळत घालावेत; बाल्कनी असली तरी कठड्यावर कपडे टाकू देत नाहीत, कारण वाऱ्याने उडालेला कपडा खालच्या मजल्यावर किंवा समुद्रात जातो. केबिनचे दार उघडणारे कार्ड हेच जहाजावरचे ओळखपत्र आणि पैशाचे पाकीट असते. ते गळ्यात अडकवायला लेस असलेले प्लास्टिकचे पाकीट न्यावे. सासूबाईंच्या साडीला खिसा नसतो, त्यांना याची खरी गरज आहे.

औषधांचे आता पाहू. प्रवासाचे दिवस मोजून गोळ्या नेऊ नयेत. निदान आठवडाभराचा साठा जास्तीचा असावा. गोळ्या डबीत सुट्या न भरता मूळ पट्ट्यांमध्ये ठेवाव्यात आणि डॉक्टरांकडून औषधांची मूळ रासायनिक नावे लिहिलेले इंग्रजी पत्र घ्यावे, कारण आपल्याकडचे ब्रँडचे नाव जहाजावरच्या डॉक्टरला काहीच सांगत नाही. तिघांपैकी कोणी झोपेच्या किंवा मन शांत ठेवणाऱ्या गोळ्या घेत असेल, किंवा कोडीन असलेले खोकल्याचे औषध बॅगेत असेल, तर लक्षात घ्यावे की सिंगापूरमध्ये अशी काही औषधे नेण्यासाठी तेथील आरोग्य खात्याची पूर्वपरवानगी लागते. अर्ज ऑनलाइन करता येतो, पण तो वेळेत करावा.

यजमानांचे इन्सुलिन विमानात कधीही मोठ्या बॅगेत जाऊ देऊ नये. विमानाच्या सामानकक्षात ते गोठू शकते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते. केबिनमधला लहान फ्रिज पुष्कळदा फक्त पेये गार ठेवण्यापुरता असतो. वापरात असलेले इन्सुलिनचे पेन बहुतेक प्रकारांत सुमारे चार आठवडे सावलीत, थंड खोलीत चालते. आपल्या प्रकाराचे नियम डॉक्टरांना विचारून ठेवावेत. न उघडलेली पेने वैद्यकीय कक्षाच्या फ्रिजमध्ये ठेवायची सोय होईल का, हे कंपनीला आधी लेखी विचारावे. बंदरावर उतरताना उष्णतारोधक लहान पाउच लागतो. त्यात बर्फाची पिशवी ठेवली तर मध्ये नॅपकिनची घडी असावी, पेन बर्फाला थेट टेकू नये. वापरलेल्या सुया कचऱ्यात टाकायच्या नसतात. केबिनच्या कर्मचाऱ्याकडे त्यासाठीचा डबा मागावा. सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, तेव्हा इन्सुलिनच्या आणि रोजच्या इतर गोळ्यांच्या वेळा कशा सरकवायच्या, तेही डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. फिरताना साखर एकदम उतरली तर म्हणून खडीसाखरेची सीलबंद पुडी यजमानांच्या खिशात असावी, आपल्या पर्समध्ये नव्हे.

बोट लागण्याची भीती सगळ्यांनाच असते. आपल्या वाटेवरच्या मलाक्काच्या सामुद्रधुनीत समुद्र बहुधा शांत असतो आणि मोठ्या जहाजांना पाण्याखाली डोलणे कमी करणारे पंख असतात, तरी तयारी असावी. आपल्याकडे गाडी लागू नये म्हणून जी अॅव्होमिनची गोळी घेतात ती येथेही चालते, पण ती उलटी सुरू झाल्यावर नव्हे तर आधी घ्यायची असते. मात्र तिने गुंगी येते, आणि वृद्धांना कधी कधी तोल जाणे, गोंधळल्यासारखे होणे असा त्रास होतो; काचबिंदू किंवा प्रोस्टेटची तक्रार असेल तर ती अडचणीचीही ठरते. सासूबाईंना ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच देऊ नये. त्यांच्यासाठी सीलबंद आलेपाक, सुंठेच्या गोळ्या, हलके जेवण आणि डेकवर मोकळ्या हवेत बसून दूर क्षितिजाकडे पाहणे हे आधी करून पाहावे.

जहाजावर पोटाचे विकार झपाट्याने पसरतात आणि त्यांना कारण असलेल्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा फारसा परिणाम होत नाही. साबण आणि पाणी हाच उपाय. आपल्याकडे मिळणारा कागदी साबण पर्समध्ये असला की बंदरावरच्या कोणत्याही नळावर हात धुता येतात. ओआरएसच्या चार पुड्या, पॅरासिटामॉल, पट्ट्या, थर्मामीटर आणि ज्येष्ठांसाठी जास्तीचा चष्मा एवढे त्याच पिशवीत ठेवावे. जहाजावरच्या दवाखान्याचे बिल परकी चलनात आणि भरमसाठ येते, म्हणून प्रवास विमा घेताना त्यात क्रूझ आणि यजमानांचा मधुमेह दोन्ही स्पष्ट नोंदवलेले आहेत ना, हे पाहावे आणि पॉलिसीची छापील प्रत जवळ ठेवावी.

फराळाबद्दल आपण विचारलेत. घरी केलेले खाद्यपदार्थ बहुतेक क्रूझ कंपन्या जहाजावर चढवू देत नाहीत. कारखान्यातून सीलबंद आलेला चिवडा, खाकरे, राजगिऱ्याची वडी, मेतकूट अशी पाकिटे सहसा चालतात. जानेवारी म्हणजे संक्रांतीचे दिवस, आणि गुळपोळी न्यायचा मोह होईल. तो कृपया आवरावा. गुळपोळीच्या सारणात आपण खसखस घालतो, गोड्या मसाल्यातही ती असते, आणि सिंगापूरमध्ये खसखशीकडे अंमली पदार्थांच्या कायद्याखाली पाहिले जाते. तेथे ती सोबत नेणे म्हणजे विनाकारण संकट ओढवून घेणे आहे. गुटखा, खाण्याची तंबाखू, तंबाखूची मशेरी आणि च्युइंगम यांनाही तेथे बंदी आहे. ग्रूपमधल्या कोणाला सवय असेल तर त्यांनाही सांगावे. अडकित्ता आणि फळे कापायची सुरी तपासणीत काढून घेतात. जेवण शाकाहारी, जैन किंवा बिनकांद्याचे हवे असेल तर ते जहाजावर गेल्यावर नव्हे, काही आठवडे आधी कळवावे लागते. प्रवासाच्या दिवसांत एकादशी किंवा संकष्टी येते का, हे आजच कॅलेंडरमध्ये पाहावे, कारण साबुदाणा किंवा भगर तेथे मिळण्याची शक्यता फार कमी आहे.

पूजेचे साहित्य नेता येईल, पण अग्नी लागणारे काही नको. उदबत्ती, निरांजन, काडेपेटी आणि मेणबत्ती जहाजावर चालत नाही. कापूर ज्वालाग्राही असल्याने तो विमानातही नेऊ नये, आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांना भारतीय विमानतळांवर २०२२ पासून चेक-इन सामानात मनाई आहे. सासूबाईंचा लहान देव, हळदीकुंकवाची घट्ट झाकणाची डबी, जपाची माळ, पोथी आणि सेलवर चालणारी निरांजनाच्या आकाराची दिवली एवढे नेले तर त्यांची रोजची पूजा नीट होईल. उदबत्ती का लावायची नाही, हे त्यांना निघण्यापूर्वीच समजावून सांगावे, म्हणजे जहाजावर त्यांचे मन दुखावणार नाही.

बंदरावर उतरण्यासाठी लागणाऱ्या वस्तूंत मी मनगटी घड्याळाला पहिला मान देते, आणि तेही काट्यांचे साधे घड्याळ. सिंगापूर आणि मलेशिया यांची वेळ एकच आहे, थायलंडची मात्र एक तास मागे. जहाज पुष्कळदा स्वतःची वेळ तशीच ठेवते, तर मोबाइल फुकेतच्या किनाऱ्याचा सिग्नल पकडताच आपोआप तासभर मागे जातो. जहाजावर परतायची वेळ साडेचार सांगितलेली असते ती जहाजाच्या घड्याळाची. मोबाइलवर साडेतीन पाहून निवांत खरेदी करणारा प्रवासी धक्क्यावर पोहोचतो तेव्हा जहाज निघून गेलेले असते, आणि पुढचा प्रवास स्वतःच्या खर्चाने करावा लागतो. यजमानांच्या मनगटावरचे घड्याळ जहाजावर चढताच तेथल्या वेळेला लावावे आणि चार दिवस त्याला हात लावू नये.

फुकेतला अनेक जहाजे धक्क्याला लागत नाहीत. समुद्रात नांगर टाकून लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. त्या बोटीत लाटेबरोबर वरखाली होणारे पाऊल टाकताना दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून खांद्यावरची पर्स नव्हे तर पाठीवरची सॅक. सासूबाईंनी तेथे उतरावे की नाही, हे त्या दिवशीचा समुद्र पाहून ठरवावे, आणि नाही ठरले तर कोणीतरी त्यांच्याजवळ थांबावे. पेनांगला मात्र जहाज जॉर्ज टाउनच्या स्वेटनहॅम धक्क्यालाच लागते. गाव अगदी समोर आहे, लिटल इंडिया भागातले मरिअम्मनचे देऊळ जवळ आहे आणि तेथे त्यांना आवर्जून न्यावे. देवळे आणि मशिदी यांच्यासाठी खांदे-गुडघे झाकणारे कपडे, एक ओढणी, आणि तापलेल्या दगडावर चालताना पायांत घालायला जुने मोजे बरोबर असावेत. घडीची छत्री हवीच; जानेवारीत सिंगापूरला पाऊस असतो. जहाज किनाऱ्यासाठी टॉवेल देते, पण तो हरवला तर पैसे भरावे लागतात. आपला साधा पंचा हलका असतो, लवकर वाळतो आणि वाळूही धरत नाही. फुकेतहून फी फी बेटांची सहल घेणार असाल तर सनस्क्रीनच्या बाटलीवरचे घटक वाचावेत. प्रवाळांना अपाय करणारे ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्झेट असलेली सनस्क्रीन थायलंडने २०२१ मध्ये आपल्या राष्ट्रीय सागरी उद्यानांत वापरायला बंदी केली आहे आणि दंड एक लाख बाथपर्यंत आहे.

कागदपत्रांचे दोन-तीन मुद्दे. जहाज सिंगापूर सोडून पुन्हा तेथे येते, म्हणजे आपण सिंगापुरात दोनदा प्रवेश करणार आहात. व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, हे पाहावे. सिंगापूरचे आगमन कार्ड प्रत्येक प्रवेशाच्या आधी तीन दिवसांत ऑनलाइन भरायचे असते आणि ते विनामूल्य आहे. थायलंडनेही १ मे २०२५ पासून डिजिटल आगमन कार्ड सुरू केले आहे. ते क्रूझच्या प्रवाशांसाठी कंपनी भरणार की आपण, हे विचारून घ्यावे. काही जहाजांवर पासपोर्ट ठेवून घेतात, म्हणून प्रत्येकाच्या खिशात पासपोर्टची झेरॉक्स आणि जहाजाचे व त्या दिवशीच्या धक्क्याचे नाव लिहिलेला कागद असावा.

फोन जहाजावर चढताच फ्लाइट मोडवर टाकावा. भर समुद्रात तो जहाजाचे उपग्रहावरचे नेटवर्क पकडतो, आणि नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये ते बहुधा येत नाही, त्यामुळे घरी आल्यावर हजारोंचे बिल दिसते. पण फ्लाइट मोडमध्ये बँकेचा ओटीपीही येत नाही, हे फार जणांच्या लक्षात राहत नाही. बिले, हप्ते, सहलींची नोंदणी असे पैशाचे जे काही असेल ते निघण्यापूर्वी उरकावे. आपल्या कार्डावर परदेशातील व्यवहार सुरू आहेत का, हे बँकेच्या अॅपमध्ये तपासावे. ती सोय आपण स्वतः चालू करावी लागते. जहाजावरच्या खर्चासाठी शक्यतो क्रेडिट कार्ड द्यावे. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड दिले तर अनामत म्हणून अडकवलेली रक्कम सुटायला बरेच दिवस लागू शकतात. बंदरावरच्या रिक्षा-टॅक्सीसाठी थोडे रिंगिट आणि बाथ सुट्या नोटांत घ्यावेत.

कपड्यांबद्दल फार लिहीत नाही. जहाजाचे नाट्यगृह आणि जेवणघर कडक थंड असते, म्हणून तिघांसाठी स्वेटर किंवा शाल हवी. यजमानांसाठी एक पूर्ण पँट आणि बूट हवेत, कारण रात्रीच्या मुख्य जेवणघरात हाफ पँट आणि चपलांवर सहसा प्रवेश देत नाहीत. आपली एक रेशमी साडी त्या संध्याकाळी शोभून दिसेल.

शेवटच्या रात्रीची तयारी पहिल्या दिवसाइतकीच महत्त्वाची आहे. त्या रात्री मोठ्या बॅगा ठरलेल्या वेळेच्या आत केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या थेट दुसऱ्या दिवशी टर्मिनलवर भेटतात. उत्साहात सगळे भरून बाहेर ठेवले आणि सकाळी अंगावर गाउन व पायांत रबरी स्लिपर एवढेच उरले, असे दरवर्षी कित्येकांचे होते. म्हणून सकाळचे कपडे, आतले कपडे, बूट, दात घासायचे सामान, औषधे, पासपोर्ट आणि सिंगापूरच्या दुसऱ्या आगमन कार्डाची प्रत बॅगा बंद करण्याआधी पलंगावर काढून ठेवावी. फ्रिजमधले इन्सुलिन, तिजोरीतले दागिने आणि प्लगमध्ये राहिलेला चार्जर या तीन गोष्टी केबिनमध्ये हमखास राहतात. त्यांची नावे लिहिलेली चिठ्ठी दाराच्या आतल्या बाजूला चुंबकाखाली लावावी आणि वैद्यकीय कक्षात ठेवलेली पेने आदल्या संध्याकाळीच परत घ्यावीत, कारण उतरण्याच्या सकाळी तेथे गर्दी असते.